घरकुल योजनेचा रिव्ह्यू (सातारा जिल्हा): पैसे येतात हो, जागेचं काय?

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, मिसळीचा लिहितात, म्हणलं आपण घरकुलाचा लिहू. शेवटी ती पण सर्व्हिसच की. फॉर्म भरा, कागद द्या, वाट बघा आणि नशीब असलं तर घर. मी स्वतः लाभार्थी नाही. आमचे तात्या म्हणजे माझे चुलत चुलते, त्यांचं घर मातीचं, मागची भिंत २०१९ च्या पावसात बसली ती बसलीच, तिथं ताडपत्री लावून दिवस काढत होते. त्यांचं धावपळीचं सगळं काम माझ्यावर आलं कारण भावकीत ओटीपी बघून सांगणारा मी एकटाच. तालुक्याचं नाव लिहीत नाही, उगं कुणाला वाईट नको वाटायला. जिल्ह्यात ११ तालुके आहेत, कुठलाही धरा.

आधी पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. पैशाला माझे चार स्टार. खरंच. प्रधानमंत्री आवास ग्रामीण २०१६ ला आली, त्याच्या आधीची इंदिरा आवास आमच्या आजीच्या वेळची, तेव्हा कुणाकुणाचे हात ओले करायला लागायचे त्याच्या गोष्टी अजून पारावर चालतात. आता पैसे थेट खात्यावर पडतात, मधी कोण नाही. सपाट भागाला केंद्राचे आणि राज्याचे मिळून १ लाख २० हजार, डोंगराळला १ लाख ३० हजार. वर संडासाचे १२ हजार, रोजगार हमीतनं ९० दिवसांची मजुरी म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपयाच्या दरानं २८ हजार. आणि आता टप्पा दोनमधी राज्यानं ५० हजार वाढवले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सोलर बसवला तर. सगळं धरून सपाट भागाला २ लाख १० हजारापर्यंत जातं. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात मोठा कार्यक्रम झाला, राज्यात २० लाख मंजुरीपत्रं वाटली, त्याच्यात तात्यांचं पण नाव होतं आणि पहिला हप्ता १५ हजारांचा खरंच आला. तात्या बँकेतनं पासबुक भरून आले आणि चार माणसांना दाखवत फिरले.

एक स्टार का कापला तर २ लाख १० हजारात घर होत नाही. किमान २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट बांधायला पाहिजे असा नियम आहे, तेवढंच बांधलं तरी आजच्या वीट, सिमेंट, सळईच्या भावात आणि मिस्त्रीच्या हजेरीत स्लॅबचं नाव काढू नका, पत्रा टाकून कसंबसं बसतं. म्हणून ज्याच्याकडं थोडे साठवलेले आहेत त्याचं घर लवकर उठतं आणि ज्याच्याकडं काहीच नाही तो जोत्यावर अडकतो. पण ठीक आहे, पूर्वी ते पण नव्हतं.

आता जागा. इथं एक स्टार, तो पण झीरो देता येत नाही म्हणून.

पहिला हप्ता आल्यावर जोतं बांधायचं, मग पुढचा हप्ता. तात्यांचं जुनं घर गावठाणात, त्याची ग्रामपंचायतीची नोंद म्हणजे नमुना ८ अजून खापरपणजोबांच्या नावावर. वारस किती निघाले विचारू नका. निम्मे मुंबईला, कोण वाशी मार्केटला माथाडी, कोण घाटकोपरला, एक आत्या तर कुठं नांदते त्याचाच पत्ता नाही. सगळ्यांची संमती पाहिजे. गावाकडच्या पडक्या खोलीत कुणाला राहायचं नाही पण सही म्हणलं की प्रत्येकाला वाटतं आपला हिस्सा चालला. एका चुलतभावानं तर फोनवर सांगितलं की आधी माझ्या वाटणीचं लिहून दे मग सही. अरे पण वाटणी करायला आहे काय, अडीच खण! ड्रोन मोजणी झालेल्या गावात आता स्वामित्व योजनेची सनद आणि प्रॉपर्टी कार्ड मिळतंय, २०२० पासून चाललंय ते, चांगलं काम आहे. पण भावकीतलं भांडण ड्रोनला वरनं दिसत नाही.

आणि तात्यांचं तरी बरं, त्यांच्या पायाखाली काहीतरी होतं. वाडीच्या कडंला सात घरं आहेत, गायरानात म्हणजे गावच्या चराऊ जमिनीत, तीस-चाळीस वर्षं तिथंच राहतात, ऊसतोडीला जातात, येतात. त्यांची पण नावं यादीत आली, मंजुरीपत्रं आली, आणि मग कळलं की गायरानात बांधता येत नाही. सरकारी जागेवरची २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा शासनाचा निर्णय आहे पण गायरानाचं वेगळं. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल आहे गावच्या सामाईक जमिनींवर, तेव्हापासनं गायरान म्हणलं की प्रत्येक साहेब पेन बाजूला ठेवतो, आणि त्यांचं पण अगदी चूक म्हणता येत नाही, उद्या कोर्टात उभं त्यांनाच राहायचंय. म्हणजे बघा, सरकार म्हणतंय हे घे पैसे घर बांध, आणि सरकारच म्हणतंय इथं बांधू नको. कुठं बांधायचं ते मात्र कोणच सांगत नाही.

मग जागा विकत घ्या. त्याला पण योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं, ५०० फुटापर्यंत जागेला आधी ५० हजार मिळायचे आता १ लाख मिळतात. ऐकायला भारी. पण शेतकरी काय ५०० फूट विकतो का? गुंठ्याच्या खाली कोण बोलतच नाही आणि गुंठा विकायला गेलं की तुकडेबंदी. आमच्याकडं जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्याच्या खालची खरेदी होत नव्हती, म्हणजे गरिबानं घरासाठी १० गुंठे घ्यायचे? मग लोक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून जागा घेतात आणि ती ग्रामपंचायत धरत नाही. मधल्या काळात नियम बदलला आणि हे बऱ्याच जणांना माहितीच नाही म्हणून मुद्दाम लिहितो, २०२४ च्या मार्चपासून घरकुल लाभार्थ्याला १००० फुटापर्यंत जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं तुकडा पाडून घेता येते. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडनं हा खरंच लाभार्थी आहे अशी खात्री होते, मग परवानगी, मग खरेदीखत, आणि सातबारावर शेरा पडतो की फक्त घरकुलासाठी. (गुंठा १०८९ फुटाचा, परवानगी १००० फुटाची, ते ८९ फूट कुणाचे हा प्रश्न आमच्या गावात दोन संध्याकाळ चालला होता.)

हे मला कुठल्या ऑफिसात कुणी सांगितलं नाही. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले तलाठ्याकडं जा, तलाठ्याकडं गेलो तर म्हणाले हा पंचायत समितीचा विषय, पंचायत समितीत म्हणाले जागा तुमची तुम्ही दाखवायची आम्ही फक्त फोटो काढतो. कोण वाकडं बोललं नाही बरं का, चहा पण पाजला. पण प्रत्येकाकडं एकच किल्ली आणि कुलपं सहा. ग्रामसेवकाकडं नमुना ८, तलाठ्याकडं सातबारा, भूमी अभिलेखकडं मोजणी, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडं मंजुरी, तहसील आणि कलेक्टर ऑफिसात परवानगी, सरपंचाकडं ठराव. आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, पाट्या नवीन झाल्यात, टेबलं तीच. त्यात २०२२ पासून बरीच वर्षं झेडपी आणि पंचायत समितीवर प्रशासकच, म्हणजे आपला सदस्य म्हणून ज्याच्या गाडीला आडवं उभं राहावं असा माणूसच नव्हता.

आणि सातवी गोष्ट राहिली. जमीन. गावठाणाला लागून घर बांधण्यासारखं एकच रान होतं आणि ते विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याचं.

आता इथनं पुढं ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय ते. आमच्या गावात दोन पार्ट्या, तशा सगळीकडंच असतात, साताऱ्यात तर पालिकेत पण दोन आघाड्यांचं राजकारण वर्षानुवर्षं चाललं, आम्ही काय वेगळे. सरपंच बाई एका पार्टीच्या, गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन दुसऱ्या, ते रान त्यांचंच. एकमेकांच्या लग्नाला जातात पण जेवत नाहीत इतपत संबंध. भाषणात सगळे मान्याचीवाडीचं उदाहरण देतात, पाटण तालुक्यातलं, राज्यातलं पहिलं सोलर गाव, बक्षिसं किती, सगळं खरं आहे आणि कौतुक आहेच. पण ते पडलं छोटं गाव, आमच्याकडं नुसती भावकी मोजायची म्हणलं तरी वही लागते.

तर झालं असं की सरपंच बाईंनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घरकुल हा एकच विषय घेतला. बाकीचे विषय तहकूब. आणि त्यांनी एक हुशारी केली, तलाठी, ग्रामसेवक, पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आणि मोजणीवाल्या साहेबांना आधी पत्र देऊन, मग फोन करून, मग माणूस पाठवून बोलवलं. सगळे आले. सहाच्या सहा नाही पण चार किल्ल्या एका सतरंजीवर बसल्या. मी मागं बसून बघत होतो. पहिला तासभर नेहमीचं झालं, मागच्या टर्मला काय केलं, तुमच्या काळात नळ कुठं गेला, एक म्हातारबाबा उठून पाझर तलावावर बोलले ज्याचा काही संबंध नव्हता. मग गायरानातली एक वहिनी उभी राहिली, लय नाही बोलली, म्हणली "आमचं नाव यादीत हाय, पैसं खात्यावर हायत, आता ते परत पाठवायचं का ते सांगा, म्हंजी आमी तोडीला जायाला मोकळं." तेव्हा गप झालं सगळं.

चेअरमनची जागा सगळ्यांना माहीत होती पण नाव कोण घेईना. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं, आणि इथं मला वाटलं होतं दानत वगैरे दाखवतील, तसलं काही झालं नाही. त्यांनी सौदा टाकला. म्हणाले माझ्या वरच्या रानाला जायची पाणंद तुमच्या पार्टीच्या दोघांनी बांध सरकवून खाल्लीय, ऊस डोक्यावर काढायला लागतोय, ती मोकळी करा, मी गावठाणाकडंचे १० गुंठे द्यायला तयार आहे, भाव रेडीरेकनर म्हणजे सरकारी दराला धरून. सभेत हशा, मग आरडाओरडा, मग दोन दिवस गावात दुसरं काही नाही. आणि झालं की हो! पाणंद मोजून मोकळी केली, ज्यांनी खाल्ली होती ते चार दिवस तोंड फुगवून बसले आणि मग मुरूम टाकताना ट्रॅक्टर त्यांचाच होता.

मला हे जास्त पटलं. पुढाऱ्यांनी एकत्र यावं, राजकारण बाजूला ठेवावं असं सगळे लिहितात पण ते कशाला बाजूला ठेवतील, त्यांचं दुकानच ते. प्रत्येकाला काहीतरी मिळालं तर बसतात एकत्र. चेअरमनला रस्ता मिळाला, सरपंच बाईंना पुढच्या इलेक्शनला सांगायला आठ घरं मिळाली, तलाठ्याला आठ वेगवेगळे हेलपाटे घालणाऱ्या माणसांऐवजी एकच फाईल मिळाली. हिशोब बघा, गायरानातली सात आणि वारसांना कंटाळलेले आमचे तात्या आठवे, आठ जणांचे प्रत्येकी १००० फूट म्हणजे ८००० फूट, साडेसात गुंठ्याच्या आतच, राहिलेल्या जागेत मधला रस्ता आणि गटार. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असल्यानं बिनशेतीचा वेगळा ताप कमी, महसूल कायद्यात कलम ४२ ड आहे त्यासाठी, हे मोजणीवाल्या साहेबांनी सांगितलं. तीच सभा नसती तर हा एक मुद्दा कळायला अजून एक पावसाळा गेला असता.

२०२० च्या महाआवास अभियानात शासनानं हेच सांगितलं होतं बरं का, लँड बँक म्हणजे घरकुलासाठी जागांची नोंद करा, भूमिहीनांसाठी एकत्र वसाहत करा, जागा कमी असली तर बहुमजली करा. कागद चांगला होता. पण लँड बँक म्हणजे बँकेत जमीन नसते, ती कुणाच्या तरी रानात असते आणि त्या माणसाशी बोलायला लागतं.

परवानगीला वेळ लागला. फाईल वर गेली, त्रुटी निघाली, खाली आली, परत गेली. एका नकाशावर उत्तर दिशा दाखवली नव्हती म्हणून परत. पण इथं फरक असा की आठ जण एकत्र असल्यानं दरवेळी कोणतरी एक मोकळा असायचा जायला आणि चेअरमन स्वतः दोनदा साताऱ्याला कलेक्टर कचेरीत जाऊन बसले. सौदा त्यांचा पण होता ना त्यात.

बाकी सर्व्हिसचं पटापट सांगतो. घरकुल मार्ट म्हणजे बचत गटाच्या बायका एका ठिकाणी दारं, खिडक्या, पत्रा, सिमेंट देतात, त्याला तीन स्टार. दर बाजारापेक्षा फार कमी नाही पण उधारी समजून घेतात आणि खिडकीची चौकट चक्क मजबूत निघाली. डेमो हाऊस बघायला गेलो, पंचायत समितीच्या आवारात छान रंग दिलेलं, तात्या आत जाऊन म्हणाले "हितंच ऱ्हातो की", त्याला पाच स्टार देतो पण तसलं घर त्या पैशात मला बांधून दाखवा. ५ ब्रास वाळू घरकुलाला फुकट आहे, आम्हाला मिळाली, ट्रॅक्टरचं भाडं आपलं आणि ते वाळूच्या किमतीला भिडत होतं, अडीच स्टार. ॲपला दोन. जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, लोकेशनसकट, आणि आमच्या वाडीला रेंज फक्त मारुतीच्या देवळामागं. इंजिनियर पोरगा बिचारा फोटो इथं काढायचा आणि अपलोड करायला देवळाकडं पळायचा. रोजगार हमीच्या मस्टरला एक स्टार, ती मजुरी वेळेवर आली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

साताऱ्यात राहणारे म्हणतील आमचं काय. मी पण कामाला साताऱ्यातच आहे, भाड्यानं, त्यामुळं दोन शब्द. शहरातल्या योजनेत स्वतःची जागा असली तर अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे एक राज्याचा, पण शहरात ज्याला घर नाही त्याच्याकडं जागा कुठनं असणार? २०२० ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर वगैरे भाग पालिकेत आले. त्याआधी अलीकडं पालिका आणि पलीकडं ग्रामपंचायत असं होतं, पाणी एकाचं रस्ता दुसऱ्याचा. आता निदान आराखडा एका टेबलावर करता येईल. पण एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांसाठी स्वस्त भाड्याच्या खोल्या हा विषय मी कुठल्याच जाहीरनाम्यात वाचला नाही. कोडोली, देगाव रोडला एका खोलीत चार चार जण राहतात आणि मालक लाईटचं युनिट स्वतःच्या मनानं लावतो.

बहीण सांगलीला दिली आहे, तिकडचं दुखणं अजून वेगळं. तिकडं जागा आहे पण पाण्यात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडचे लोक दर दोन-चार वर्षांनी संसार माळ्यावर चढवतात. स्वस्त प्लॉट कुठं तर पूररेषेत, आणि गरीब घेणार तोच. तिथं महापालिका, पाटबंधारे आणि बांधकाम परवानगी देणारे असे तिघं एका नकाशावर आले नाहीत तर घरकुलाचे पैसे सरळ कृष्णेत. सांगलीत झोपडपट्ट्यांचे घरोघर जाऊन नकाशे करायचं काम शेल्टर असोसिएट्स या पुण्याच्या संस्थेनं पूर्वी केलेलं आहे, कोणती वस्ती कुठं हलवता येईल हे शहर म्हणून एकत्र बघायचं. असला नकाशा प्रत्येक तालुक्याच्या गावाला पाहिजे, फक्त तो कपाटात नको.

तर घ्यावी का ही सर्व्हिस? घ्या, दुसरी आहे कुठं. फक्त एकट्यानं जाऊ नका. तुमच्यासारखे बिनजागेचे किती आहेत ते यादीतनं काढा, यादी ग्रामपंचायतीत मागितली की दाखवायला लागते. सगळ्यांचा मिळून एक अर्ज करा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी ग्रामसभा पुढं असेल तिथं विषय लेखी द्या आणि तलाठी, मोजणीवाले यायला पाहिजेत असं त्याच अर्जात लिहा. १००० फुटाचा नियम छापून खिशात ठेवा, तो वाचून दाखवायला लागतो, खुर्चीतल्या माणसाला पण. आणि विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याला काय पाहिजे ते आधी गुपचूप शोधून काढा.

आजची स्थिती अशी की आठपैकी चार घरांची जोती झालीत, दोन भिंतीपर्यंत आलीत, एक जण तोडीला गेल्यानं थांबलंय. तात्यांचा पत्रा चढला. सोलरच्या १५ हजारांसाठी अर्ज केलाय पण पॅनेलवाला म्हणतोय पत्र्याखालचे अँगल जाड पाहिजेत, आणि अँगलचे पैसे कुठल्या योजनेत बसतात हे विचारायला सोमवारी परत पंचायत समितीत जायचंय.